टेस्टेड ओके

नेट गेलं की चारचौघांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “कधी येणार?” अप्पांच्या तोंडून निघतो, “कुठं अडलंय?” पहिला प्रश्न विचारणाऱ्याला नेट हवं असतं, दुसरा विचारणाऱ्याला दोष हवा असतो. डोंबिवली पूर्वेची आमची चार मजल्यांची, बिनलिफ्टची इमारत या दोन प्रश्नांच्या कचाट्यात राहते.

हल्ली बहुतेक सोसायट्यांत नेटचा जाणकार म्हणून एखादा आयटीतला मुलगा असतो. तो कानात इअरफोन घालूनच येतो, राउटरचं बटण दाबतो, ‘आलं बघा’ म्हणतो आणि चहाला नको म्हणून निघून जातो. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. अप्पा चहा घेतात.

अप्पा टेलिफोन खात्यातले. १९८३ साली लागले तेव्हा ते डाक-तार खातं होतं. १९८५ मध्ये टपाल आणि टेलिफोन वेगळे निघाले, २००० साली बीएसएनएल झालं. दारावरची पाटी बदलत गेली, अप्पा टेस्ट डेस्कवरून हलले नाहीत. लोक १९८ फिरवून तक्रार नोंदवायचे, तिची स्लिप अप्पांच्या पुढ्यात यायची आणि अप्पा जागचे न उठता, मीटरचा काटा बघून सांगायचे, की दोष घरातल्या वायरीत आहे, खांबावरच्या डीपीत आहे, की रस्त्याखालच्या केबलमध्ये. त्यांचा आवडता ऋतू पावसाळा. केबलच्या जोडात पाणी शिरलं की अख्खी गल्ली मुकी व्हायची, आणि अप्पांच्या डोळ्यांत चमक यायची. “टेलिफोनचं काम माणूस जूनमध्ये शिकतो,” असं ते अजूनही म्हणतात.

१९८३ या सालाचा त्यांना फार अभिमान आहे. त्याच वर्षी अमेरिकेत पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि वर्ष संपता संपता माइक म्यूस यांनी ‘पिंग’ हा दूरच्या मशीनला हाक मारून बघणारा प्रोग्रॅम लिहिला. दोन्ही गोष्टी अप्पांना कळल्या पुष्कळ उशिरा, पण कळल्यापासून ते या दोघा अमेरिकनांचा उल्लेख ‘आमच्या बॅचचे’ असाच करतात. त्यातल्या कोणाला बढती मिळाली असती तर यांनी पेढे वाटले असते.

३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधून एका दिवसात ७८ हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्त झाली. त्यांत अप्पा एक. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, चारधामची माहितीपत्रकं आणून ठेवली. पावणेदोन महिन्यांत टाळेबंदी लागली. प्रत्येक मजल्यावर कोणाची मीटिंग, कोणाची शाळा, कोणाचा ऑनलाइन भजनाचा क्लास. आणि या सगळ्यांचा प्राण खिडकीतून आत आलेल्या एका काळ्या वायरीत. ज्या माणसाला खात्याने नुकतंच मोकळं केलं होतं, त्याच्या दारात जिन्यावर अंतर ठेवून रांग लागली. माहितीपत्रकांचं पुढे काय झालं हे काकू सांगत नाहीत.

अप्पांकडे तक्रार करायची पद्धत आहे. जिन्यात गाठून ‘अप्पा, जरा बघा ना’ म्हटलेलं चालत नाही. त्यांच्या घरी अजून लँडलाइन आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिच्यावर फोन करायचा. बहुतेक वेळा तो काकू उचलतात. वहीत तारीख, वेळ, फ्लॅट नंबर आणि तक्रार लिहितात. मग अप्पा निघतात.

निघतात ते पिशवी घेऊन. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, क्रिम्पिंगचं हत्यार, टॉर्च, जुना टूथब्रश आणि खात्यातलं क्रोन टूल. क्रोन टूल तांब्याच्या तारा ठोकून बसवायचं. घरोघर फायबर आल्यापासून त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण काचेच्या धाग्याला ठोकून चालत नाही. तरी ते पिशवीत असतं आणि सगळ्यात आधी बाहेर काढून टेबलावर ठेवलं जातं. निवृत्त पोलीस अजून पट्टा लावतात, त्यांना आपण काही म्हणतो का?

मग जबानी सुरू होते. कधी गेलं? जाताना एकदम गेलं की चाचपडत गेलं? त्या वेळी घरात काय चाललं होतं? मिक्सर? मायक्रोवेव्ह? पाहुणे? कपाट हलवलं? रंग दिला? घरची मंडळी ठरलेली उत्तरं देतात, ‘आम्ही काही हात लावला नाही’ आणि ‘काल रात्रीपर्यंत अगदी छान चालत होतं.’ अप्पा दोन्ही वाक्यं ऐकून घेतात आणि सोफा पुढे ओढतात. सोफ्यामागे फायबरची वायर अशी दुमडलेली असते की कोणी मुद्दाम घडी घालून ठेवावी. नेटच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लुकलुकत असतो. काच वाकवली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो, पलीकडे पोचत नाही. हे अप्पा समजावून सांगत असताना घरातली एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीकडे बघते, कारण दिवाळीची सफाई त्या दुसऱ्या व्यक्तीने केलेली असते. पुढचं भांडण अप्पा गेल्यावर होतं.

‘बिल भरलंय’ हे तिसरं वाक्य. इथे मात्र अप्पांचा खानदानीपणा दिसतो. कुठलीही साइट उघडायला जावं आणि दर वेळी कंपनीचंच पान पुढे यावं, हे एकदा दिसलं की त्यांना सगळं कळतं. पण चारचौघांत ते तसं बोलत नाहीत. जुन्या काळी बिल थकलं की खातं आधी जाणारे फोन बंद करायचं, येणारे चालू ठेवायचं. माणसाला थोडी अब्रू ठेवून वागवायची ती रीत होती. त्याच रीतीने अप्पा वहिनींना म्हणतात, “साहेब आले की सांगा, आउटगोइंगला जरा प्रॉब्लेम आहे.” साहेब ऑफिसातून यायच्या आत पैसे भरलेले असतात.

अप्पांचा खरा शत्रू म्हणजे ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला. कंपनीला फोन लावा, बाई हेच सांगते. कंपनीचा मुलगा बाइकवरून येतो, हेल्मेटही न काढता हेच सांगतो. वाईट हे, की बहुतेक वेळा तेवढ्याने नेट येतंसुद्धा. राउटरची स्मरणशक्ती तुंबलेली असते, ती रिकामी होते. अडकलेला पत्ता सुटतो. गाडी रुळावर येते. सामान्य माणूस देवाचे आभार मानून कामाला लागतो. अप्पा हळहळतात. “आलं हो, पण गेलं कशामुळे?” आता ते कधीच कळणार नाही. सगळा पुरावा त्या एका बटणाने धुऊन टाकला. म्हणून अप्पा घरात शिरेपर्यंत कोणी स्विचला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. दुसऱ्या मजल्यावरची आयटीतली ताई एकदा क्लायंटच्या मीटिंगमधून बाहेर फेकली गेली आणि घाबरून तिने प्लग काढून परत लावला. नेट आलं, मीटिंगही पार पडली. अप्पा तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

कंपनीच्या मुलाशी मात्र त्यांचं जमतं. म्हणजे तो आला की अप्पा खाली जाऊन उभे राहतात आणि त्याच्या पॉवर मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचतात. उणे १९ आला तर ‘शाब्बास’, उणे २७च्या आसपास आला तर ‘जोड परत मार.’ त्या मुलाने बिचाऱ्याने त्या दिवशी आणखी पाच-सहा घरं करायची असतात. “काका, चालतंय ना पण?” “चालतंय रे बाळा. पण पावसात चालेल का?” मुलगा आकाशाकडे बघतो. आकाश निरभ्र असतं. अप्पा हलत नाहीत. तो जोड परत मारतो. आणि हे मान्य करायला हवं, की आमच्या इमारतीतलं नेट पावसात शेजारच्या इमारतीपेक्षा कमी जातं.

सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो एका विशिष्ट आजाराने. दिवे हिरवे, मोबाइलवर वायफायची पूर्ण रेंज, व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातची फुलं येतायत, आणि साइट एकही उघडत नाही. गोल फिरतंय ते फिरतंयच. घरच्यांना हा सरळ सरळ चमत्कार वाटतो. अप्पा खुर्ची ओढून बसतात, कारण त्यांचं आवडतं प्रवचन इथे सुरू होतं.

“आमचं १९७ आठवतंय? नाव सांगितलं की बाई नंबर सांगायची. तसं हे डीएनएस. मशीनला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. तुम्ही बँकेचं नाव टाकता, मशीन आधी डीएनएसला नंबर विचारतं, मग तिकडे जातं. आता १९७ची बाई जेवायला गेली म्हणून एक्स्चेंज बंद पडतं का? नाही. ज्याला नंबर पाठ, त्याचा फोन लागतो. व्हॉट्सअ‍ॅप आधीच जोडलेलं होतं, म्हणून चालतंय. तुमच्या कंपनीची बाई जेवायला गेलीय.”

इथे श्रोत्याने ‘मग आता?’ असं विचारायचं असतं. नाही विचारलं तर अप्पा थांबून राहतात. विचारलं की ते सेटिंगमध्ये शिरतात आणि कंपनीने दिलेला डीएनएस काढून ८.८.८.८ घालतात. चार आठ. गूगलचा हा नंबर २००९ पासून चालू आहे आणि अप्पांना त्याची अठ्ठ्याऐंशी तोळे खात्री आहे. १.१.१.१ हा त्याहून सोपा आणि बऱ्याच वेळा चपळही, पण तो लोकांसाठी खुला झाला १ एप्रिल २०१८ रोजी. अप्पा तो घालतात, पण दुसऱ्या रकान्यात. १ एप्रिलला सुरू झालेल्या गोष्टीला ते पहिला रकाना देत नाहीत.

टाळेबंदीतच त्यांनी एक समाजसुधारणा हाती घेतली होती. दर फ्लॅटचा राउटर आपापल्या लहरीने बोलतो, आणि सगळे एकाच चॅनलवर आले की कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. अप्पांनी नकाशा काढून मजलेवार वाटप केलं आणि कागद सूचनाफलकावर लावला. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण सोसायटीच्या सभेत चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. “आम्ही मेंटेनन्स दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरतो. आम्हाला अकरा, आणि ज्यांची थकबाकी आहे त्यांना एक?” अप्पांनी सांगून पाहिलं की हा गुणानुक्रम नाही, अकराही तितकंच चांगलं आहे. “मग त्यांना द्या.” कोणीतरी चिठ्ठ्या टाकायची सूचना मांडली. कोणी विचारलं की दर वर्षी आळीपाळीने का बदलू नये. तळमजल्याच्या आजींना सहा नंबर नको होता, कारण त्यांच्या मुलाचं लग्न मोडलं ते सहा तारखेला. शेवटी ठराव पुढच्या सभेवर गेला आणि तो अजून पुढच्याच सभेवर आहे. राउटर आपले ऑटोवर आहेत.

हे सगळं ठीक. पण अप्पा कोण आहेत हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते २०२५च्या जूनअखेरीस, कोकणकन्येच्या आरक्षणाच्या दिवशी.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं गाव कुडाळजवळ. गणपतीला घर उघडायला ते जातात म्हणजे जातातच. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं, आणि गणपतीच्या गाड्यांची तिकिटं हा हा म्हणता संपतात. काका सात वाजताच आंघोळ करून, देवाला दिवा लावून, जुन्या डेस्कटॉपसमोर बसले होते. आणि साइट उघडेना. रेल्वेचीच नाही, कुठलीच. आठला दहा मिनिटं असताना त्यांनी अप्पांना हाक मारली. लँडलाइनवर नाही, जिन्यातून, ओरडून. मीही धावलो.

“अप्पानू, दहा मिनटां रवली!”

अप्पांनी क्रोन टूल टेबलावर ठेवलं. “कधी गेलं?”

स्क्रीनवर काहीतरी मोठ्या अक्षरांत आलेलं होतं. काकांच्या नातवाने ते वाचायला तोंड उघडलं. अप्पांनी हात वर केला. “स्क्रीनवरचं वाचायचं नाही. रोगी काय म्हणतो त्यावर औषध देत नाहीत. खालून वर जायचं.” आणि ते खालून वर निघाले. डब्याचे दिवे पाहिले, हिरवे. लॅनची वायर काढून तिची खिट्टी तपासली, टूथब्रशने साफ केली, परत बसवली. मशीनचा पत्ता पाहिला: १९२.१६८ने सुरू होणारा, म्हणजे राउटरने रीतसर दिलेला. १६९.२५४ने सुरू झाला असता तर राउटर गप्प आहे म्हणून मशीनने स्वतःच एक पत्ता ठेवून घेतलाय असं समजलं असतं. राउटरला पिंग केलं, उत्तर आलं. ८.८.८.८ला पिंग केलं. चार पाकिटं गेली, चार परत आली. अप्पा समाधानाने मान डोलवत होते. आठ वाजले.

“आजोबा, माझ्या फोनवरून करू?” नातवाने विचारलं. पण रेल्वेच्या खात्याचा पासवर्ड काकांना पाठ नव्हता, तो त्या डेस्कटॉपलाच पाठ होता. काका देव्हाऱ्याकडे बघू लागले.

“लाइन आहे, रस्ता आहे, १९७ उत्तर देतंय,” अप्पा पुटपुटले. “मग दार का उघडत नाही?” आवाजात काळजी अजिबात नव्हती. इतकं प्रसन्न मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय. मग त्यांची नजर स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली.

तारीख होती १ जानेवारी २००९.

पुढचं अप्पांनी सगळ्यांना नीट ऐकवलं. बँक असो की रेल्वे, साइट स्वतःची ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते. त्याच्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २००९ सालात बसलेल्या मशीनला २०२५चं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ते दार लावून घेतं. फोनचं घड्याळ बरोबर, म्हणून फोनवर सगळं चालतं. आणि मशीन २००९मध्ये गेलं कसं? आत मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ तो चालवतो. तो मेला होता, आणि रात्री दोन वाजता लाइट गेली होती.

आठ वाजून वीस मिनिटांनी तारीख दुरुस्त झाली आणि रेल्वेची साइट लख्ख उघडली. कोकणकन्येसमोर वेटिंगसुद्धा नव्हतं. ‘रिग्रेट’ होतं.

काका बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मग नातू म्हणाला, “आजोबा, मी मघाशी तेच वाचत होतो. तुमचं घड्याळ मागे आहे, असंच आलं होतं स्क्रीनवर.”

आता कोणीही दुसरा असता तर पिशवी उचलून निघाला असता. अप्पांनी मशीनचं झाकण उघडलं, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने सेल काढला आणि काकांच्या तळहातावर ठेवला. “स्क्रीनने काय सांगितलं? घड्याळ मागे आहे. का मागे आहे, ते सांगितलं का?” काकांकडे याला उत्तर नव्हतं. सेलची किंमत फार नसते, घड्याळजीकडे मिळतो. काका त्या वर्षी एसटीच्या ग्रुप बुकिंगच्या गाडीने गेले, गुडघे पोटाशी घेऊन, आणि येताना अप्पांसाठी खाजं घेऊन आले. खाजं देताना एवढंच म्हणाले, “तुमचा निदान बरोबर होता.”

आता एक गोष्ट सांगतो, जी इमारतीत अप्पा सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. लँडलाइन काकू उचलतात हे वर आलंच. तक्रार वहीत लिहून झाली की त्या आवाज खाली आणतात आणि म्हणतात, “हे चपला घालतायत. तोवर एकदा बंद करून चालू कर बघू.” अप्पा मजला चढून पोचतात तेव्हा नेट आलेलं असतं, घरचे चेहरे निष्पाप असतात आणि चहा तयार असतो. ज्यांना काकू फोनवर सापडल्या नाहीत, त्यांचीच सकाळ जाते. कुडाळवाले काका त्यांपैकी एक. अर्थात त्यांचा आजार बंद-चालू करून बरा होणारा नव्हता, हे काकूंच्या विरोधात आणि अप्पांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

अप्पा अशा तक्रारींपुढे वहीत खात्याच्या जुन्या सवयीने शेरा मारतात, ‘टेस्टेड ओके’. म्हणजे तपासलं तेव्हा ठीक होतं. परवा त्यांनी मला मुद्दाम बोलावून ती वही दाखवली. लाल पेनाने खुणा केलेल्या होत्या.

“हे बघ. मोबाइलवर किंवा जिन्यात जी तक्रार येते, तिथे गेलो की दोष सापडतो. लँडलाइनवर येते ती मी पोचेपर्यंत आपोआप सुटते. एक-दोनदा नाही. सारखं. आता लँडलाइनची तांब्याची जोडी आणि सगळ्यांची फायबर एकाच डक्टमधून जातात. फायबरला इंडक्शन लागत नाही, हे मला कळतं. लागूच शकत नाही. पण मग आपला फोन वाजला की त्यांचं नेट येतं, हे काय आहे?”

मी वहीत डोकं खुपसलं. काकू ओट्यापाशी कणीक मळत होत्या.

“म्हणजे दोष यांच्या घरात नाहीच,” अप्पा म्हणाले. आवाजात १९८३ साल उतरलं होतं. “दोष आपल्या टोकाला आहे. आता लँडलाइनची पूर्ण जोडी तपासायची, डीपीपासून या फोनपर्यंत. वेळ लागेल, पण सापडणार.”

“तपासा की,” काकू म्हणाल्या. “पण पावसाळा सुरू होऊ दे. तुम्हीच म्हणता ना, काम जूनमध्ये कळतं.”

हे अप्पांना पटलं. ते वहीत तसं लिहीत असतानाच फोन वाजला. अप्पा खुर्चीतून उठायला लागले.

“तुम्ही लिहा,” काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. “मी घेते.”